पान दोनशे सतरा

गायधनींनी गठ्ठा दिला तेव्हाच सांगितलं,
"फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा, ताई.
मजकूर मोठ्या माणसाचा आहे."

रविवार कारंज्यापासून दोन गल्ल्या, दोन जिने,
आणि माझ्या टेबलावर हा हेलब्रँड.
तीन खंडांतल्या सरकारांनी ज्याच्या दारात रांग लावली
तो आता तळ्याकाठी राहतो, गुलाब लावतो
आणि आठवतो.
पहिल्या प्रकरणात आईचं शिवणयंत्र आहे.
चांगलं लिहिलंय. तिथे मी एक अनुस्वार दिला.

पान दोनशे सतरा :
"बाहेर शरद ऋतूतली पानगळ चालली होती.
जेवताना मी मंत्र्याला रुमालावर एक आकडा लिहून दाखवला.
सकाळी त्यांचं चलन निम्म्यावर आलं,
आणि सीमेवर आलेलं शेजाऱ्याचं सैन्य मागे फिरलं.
एक युद्ध टळलं."

व्याकरण निर्दोष.
पेन्सिल मात्र तिथेच अडली.

कोणता मंत्री? रुमाल कोणी धुतला?
निम्म्यावर आलं म्हणजे
जिने आदल्या रात्री उद्याच्या पावाचे पैसे
डब्याखाली झाकून ठेवले,
तिच्या हाती सकाळी अर्धा पाव.
एवढा हिशेब मलाही येतो.
सूचीत तिला शोधलं.
'भ' मध्ये भांडवल आहे, भागीदार आहेत,
भूक नाही.

वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तपासनीस होते.
एकतीस वर्षं नोटांचे ताव उजेडाला धरले.
फाटकाशी खिसे उलटे करून दाखवायचे,
आत स्वतःचा रुपयाही न्यायचा नाही.
घरी वर्तमानपत्रसुद्धा बल्बाकडे धरून वाचत,
आम्ही हसायचो.
ते म्हणत, छपाई फारच सुबक असेल
तर आधी संशय घ्यावा.
खोटी नोट करणारा घाईत नसतो, पोरी.

खालच्या मजल्यावरचा इद्रीस
जानोरीला माल क्लिअर करण्याचं काम करतो.
सहज विचारलं, तर त्याने जुनी वही काढली.
त्या देशाला निघालेले द्राक्षांचे अकरा कंटेनर,
बँकेने हमी नाकारली, बंदरात बावीस दिवस.
"परत आले तेव्हा दार उघडायला कोणी पुढे होईना."
तारीख : सतरा मार्च.

मार्च.
नकाशा काढून पाहिला, म्हटलं
तिकडे ऋतू उलटे असतील.
देश विषुववृत्ताच्या वरच आहे.
म्हणजे चलन पडलं तेव्हा पानगळ नव्हती,
किंवा पानगळ होती तेव्हा चलन पडलं नव्हतं.
आणि सैन्य? ते कधी फिरलं?
आकडा पाहून, की बर्फ बघून,
की शिपायांचा पगार थकला म्हणून?
टीप आहे तळाशी, बारीक अक्षरात :
"लेखकाच्या स्मरणानुसार."

प्रस्तावना एका माजी राजदूताची.
तो लिहितो, करार करताना हे पुस्तक उशाशी होतं.
कुठल्याशा परिषदेत कोणी हेच पान वाचून दाखवतो,
तिसऱ्या देशाला सांगतो,
बघा, आकडा लिहिला की सैन्यं घरी जातात.
मग तिथेही कोणी रुमाल मागवतो.
आमच्याकडे वीस हजारांच्या कर्जाला
दोन जामीनदार लागतात.
ही आठवण देशोदेशी फिरते,
तारण काही नाही.

समासात मी लिहिलं :
"ऋतू तपासावा. मंत्र्याचं नाव? पावाचं काय?"
दाबून लिहिलं गेलं.

गायधनींनी वाचलं, चष्मा काढला.
"शंका बरोबर आहे हो.
पण मूळ लेखकाला शंका पाठवायची पद्धत नाही.
शिवाय पुढच्या महिन्यात प्रकाशन,
वाणिज्य दूत येणार आहेत."
आणि खोडरबर माझ्याकडे सरकवलं.

खोडलं.
शिसं गेलं, चरा राहिला.
खिडकीशी पान तिरकं धरलं तर
"पावाचं काय" अजून वाचता येतं.

बिल केलं, पानाला बारा रुपये.
दोनशे सतराचेही बाराच लावले,
खरं तर त्यावर माझा आख्खा आठवडा गेला होता.